समोरच्याचं डावं

चष्मेवाल्याने गाडीला नवे शॉकअप बसवले ते बायकोला घरी आणायचं म्हणून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर इतक्या जुन्या गाडीवर इतका जीव टाकणारा माणूस वेडाच म्हणायचा, आणि तसं म्हणणारे गल्लीत होतेही.

बायको लेकीकडे गेली होती. नात व्हायची होती तेव्हा गेली, तीन महिन्यांत येते म्हणाली. आता ती नात चालायला, बोलायला, वर भिंतीवर रेघोट्या ओढायला लागली तरी आजीचा मुक्काम हलेना. लेकीचं गाव लांब, अख्ख्या दिवसाचा रस्ता. परतीचा विषय निघाला की बायकोचं फोनवर एकच पालुपद असे. "अहो, माझी पाठ. तुमच्या त्या गाडीतून आले तर घरी पोचल्यावर मणके पिशवीतून काढून मोजून घ्यावे लागतील." बस त्याहून वाईट, आणि रेल्वे त्या बाजूला जातच नव्हती.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने पाठीचा डॉक्टर शोधला असता. चष्मेवाल्याने विचार केला की पाठ काही बदलता येत नाही, पण शॉकअप बदलता येतात. गाडी लोण्यासारखी चालली की तिच्याकडे नाही म्हणायला काही उरणार नाही, असा त्याचा सरळ हिशोब होता.

तो एकटा राहून कसा झाला होता ते त्याच्या दुकानावरून कळत असे. पुढे काउंटर, फ्रेमांच्या काचपेट्या, अक्षरांचा तक्ता. आणि पडद्यामागे छोटी खोली, तिथे काचा घासून फ्रेमच्या मापाला आणायचं मशीन. त्या मशीनवर लग्नानंतर सहा महिन्यांतच बायको बसली ती लेकीकडे जाईपर्यंत उठली नाही. तिचा हात असा की काच फ्रेममध्ये बसताना चाफ्याचं फूल ओंजळीत घ्यावं तशी अलगद बसायची. आणि कान तर त्याहून तयार. "तडकायच्या आधी काच वेगळी बोलते," असं ती म्हणे, आणि काच वेगळी बोलली की मशीन थांबवून मोकळी होई. ती गेल्यापासून मशीनवर कापड टाकलेलं होतं. काचा बाहेरच्या मोठ्या कारखान्यात घासायला जात, उशिरा येत, कडेला टवके उडालेल्या येत. मग रोज संध्याकाळी फोनवर चष्मेवाल्याचं गाऱ्हाणं सुरू होई. आज अमक्याची काच ढिली आली. आज तमकं गिऱ्हाईक ओरडून गेलं. तू असतीस तर असं झालं नसतं. बायको "हं" म्हणायची. मग नात रडायला लागायची आणि फोन ठेवला जायचा.

आता त्याची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. आयुष्यभर समोर बसलेल्या माणसाचे डोळे तपासून तपासून चष्मेवाल्याला स्वतःचं डावं-उजवं उरलंच नव्हतं. डावं म्हणजे समोरच्याचं डावं. हे डोळ्यांपुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती, पण त्याच्या लेखी कपाटालाही तोंड होतं. "डाव्या खणात बघ" असं तो म्हणाला की कपाट आपल्याकडे तोंड करून उभं आहे असं धरायचं आणि कपाटाचं डावं शोधायचं, म्हणजे आपल्या उजव्या हाताचा खण उघडायचा. नव्या नवरीने पहिलं वर्ष नको ते खण उघडण्यात घालवलं. मग ती शिकली. इतकी शिकली की दुकानात कुणी पत्ता विचारायला आलं आणि हा म्हणाला, "समोरच्या औषधाच्या दुकानाच्या डावीकडे," तर पडद्यामागून मशीन न थांबवता तिचा आवाज येई, "म्हणजे इथून बघताना उजवीकडे."

हे फक्त तिलाच ठाऊक होतं. साडूला नव्हतं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फ्रिज दुरुस्त करायचा त्याचा धंदा. ज्याला गरम वस्तू थंड करता येते त्याला जगातलं काहीही दुरुस्त करता येतं, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याच्या मेहनतीला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. चष्मेवाल्याने नवे शॉकअप मागवले, आणि नेहमीच्या गॅरेजवाल्याने "बाहेरून आणलेला माल आम्ही बसवत नाही" म्हणून हात वर केले, तेव्हा साडू म्हणाला, "त्याच्या पाया कशाला पडताय, साडूभाऊ? चार नट आणि दोन बोल्ट. मी फोनवर व्हिडिओ बघितलाय."

सुटीच्या दिवशी साडूच्या अंगणात काम निघालं. मागचे दोन्ही शॉकअप एकसारखेच होते, ते दुपारपर्यंत बसले. पुढचे मात्र स्प्रिंगसकट जोडून आलेले, हातात मावणार नाहीत असे जाडजूड, आणि त्यांत डावा वेगळा आणि उजवा वेगळा. साडूने फर्मान सोडलं, "साडूभाऊ, खोक्यांवरची अक्षरं वाचून डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे मांडून ठेवा. माझे हात तेलाचे आहेत." चष्मेवाल्याने चष्मा पुसला, खोक्यांवरची अक्षरं दोनदा वाचली, गाडीच्या समोर सतरंजी अंथरली आणि दोन्ही नग त्यावर नीट मांडले. मग खोकी आवरून कोपऱ्यात लावली, कारण पसारा त्याला खपत नसे.

बसवताना एकदोन गोष्टी खटकल्या होत्या, नाही असं नाही. ब्रेकची नळी अडकवायची पकड नळीच्या उलट बाजूला आली. "या कंपन्यांना अक्कल नसते," असं म्हणून साडूने नळी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकली. एक दांडीही तिरकी बसली. "चालली की बसेल सरळ," साडू म्हणाला. मेहुणीने चहा आणला, चाकं चढली, गाडी जमिनीवर आली, आणि दोघांनी ऐटीत गल्लीतून फेरी मारली.

पहिल्याच गतिरोधकावर पुढून आवाज आला. टक्. आणि वळताना वेगळाच, लांबलचक, कुर्रर्र.

दुसरा गतिरोधक आला. टक्.

"नव्या चपला चावतातच," साडू म्हणाला. "चार दिवस घाला, सैल पडेल."

चार दिवस गेले, आठ गेले. गाडी आता खरोखरच कमी उसळत होती. खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं. पण तो आवाज असा की पाठीला धक्का न लागताही लागल्यासारखा वाटावा. चष्मेवाल्याला तर प्रत्येक टक् बरोबर बायकोचा चेहरा दिसे, ओठ घट्ट मिटलेला. अशा गाडीत तिला कसं बसवायचं?

मग शोध सुरू झाला. हा शोध म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटण्यातला प्रकार होता. आधी डिकी रिकामी केली, कारण साडूच्या मते निम्मे आवाज डिकीतल्या अडगळीचे असतात. जॅक निघाला, मोडकी छत्री निघाली, आणि एका पिशवीत बायकोच्या घरात घालायच्या सपाता निघाल्या. तिला लेकीकडे सोडायला गेला तेव्हा राहून गेल्या असाव्यात. चष्मेवाल्याने त्या झटकल्या, घरी नेल्या आणि दाराशी स्वतःच्या चपलांशेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दूध घेताना त्या नजरेला पडल्या आणि क्षणभर त्याला वाटलं, आत आहे ती. मग दूधवाल्याने दोनदा हाक मारली.

आवाज काही डिकीतून येत नव्हता. साडूने बॉनेट उघडून वरचे नट आवळले. मग साडू पुढे उभा राहून आपल्या सगळ्या वजनानिशी गाडी दाबायचा आणि सोडायचा, आणि चष्मेवाला खाली चाकाशी कान लावून आडवा पडायचा. येणारे-जाणारे बघत. "काय ऐकताय, डॉक्टर? ठोके नीट पडतायत ना?" असं समोरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं. रबरांना साबणाचं पाणी लावून झालं. शेवटी लाज गुंडाळून चष्मेवाला त्या गॅरेजवाल्याकडे गेला. त्याने गाडीला हातही लावला नाही, नुसतं विचारलं, "रबराचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना आवळलेत ना? ढिले करा, गाडी तिच्या पायांवर उभी करा, आणि मग आवळा. हवेत आवळलं की रबर जन्मभर पिळलेलं राहतं."

तसं केलं. कुर्रर्र गेला. टक् राहिला.

या सगळ्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती चष्मेवाल्याच्या उशिरा लक्षात आली. संध्याकाळच्या फोनवर दुकानाचं गाऱ्हाणं बंद झालं होतं. तो आता फक्त आवाजाचं सांगत होता. साडू बॉनेटवर कसा नाचला, इस्त्रीवाला काय म्हणाला, डिकीतून काय काय निघालं. सपातांचं तेवढं सांगायचं राहिलं. आणि बायको नुसतं "हं" म्हणत नव्हती. ती विचारत होती. आवाज कोरडा आहे की ओला? एकदा येतो की दोनदा? गाडी खाली जाताना येतो की वर येताना? तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम गतिरोधकावरून जाऊन येई आणि संध्याकाळी उत्तर देई. फोनची वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली. दुकान बंद करायच्या आधीच त्याचा हात फोनकडे जाऊ लागला. आवाज सापडावा असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि थोडं थोडं सापडू नये असंही वाटायला लागलं होतं.

"अहो, असं सांगून कळायचं नाही," एका संध्याकाळी ती म्हणाली. "मला ऐकवा. फोन गाडीत खाली ठेवा, पायांपाशी, आणि चालवा."

चष्मेवाल्याने फोन शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला. टक्. मग फोन आपल्या बाजूला ठेवून परत आला. टक्. गाडी कडेला घेऊन त्याने फोन कानाला लावला. पलीकडे ती लगेच बोलली नाही. मशीनवर काच धरून ऐकताना ती अशीच थांबायची, मान किंचित कलती करून. ते त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याने शेजारच्या सीटकडे बघायचं टाळलं.

"दोन्हीकडे सारखाच येतोय," ती म्हणाली. "काही तुटलं असतं तर एका बाजूला आला असता. दोन्हीकडे एकच तऱ्हा म्हणजे मोडलं काही नाही, काहीतरी उलटं बसलंय. पुढचे दोन सारखे असतात का?"

"नाही. डावा वेगळा, उजवा वेगळा."

"मांडून कुणी ठेवले?"

"मी. साडूचे हात तेलाचे होते. त्याने सांगितलं, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे."

"आणि तुम्ही उभे कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? गाडीच्या समोर."

पलीकडून आवाज आला तो आधी त्याला खोकल्याचा वाटला. मग कळलं, ती हसत होती. तोंडावर पदर धरून हसावं तसं आधी, आणि मग ते आवरेना म्हणून मोकळं, पोटातून. "अहो," ती मधेच म्हणाली, "तुम्ही गाडीचा डोळा तपासायला बसलात. तुमचं डावं तुमच्या उजव्या हाताला गेलं. आणि त्या बिचाऱ्याने आपलं सरळ डाव्या हाताचं उचललं."

"पण माझं बरोबरच होतं. डावा नग डाव्या चाकासमोरच होता."

"होता ना. पण तो तुम्हाला कुठे ओळखतो?" ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. हसण्याने नात जागी झाली. तिचं रडणं ऐकू आलं, "ठेवते हां," असं घाईने ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. चष्मेवाला कडेला उभ्या केलेल्या गाडीत बसून राहिला. हे हसणं त्याच्या घरात रोज असायचं, पाण्यासारखं, आणि पाण्याइतकंच त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता ते असं फोनमधून, तेही त्याच्या गाढवपणामुळे, एवढंसं मिळालं होतं, आणि त्याला आणखी हवं होतं. दुखावं इतकं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चाकं पुन्हा उतरली. चष्मेवाल्याने दुकानातलं भिंग आणलं होतं. शॉकअपच्या बुडाशी, रंगाखाली, कोरलेलं बारीक अक्षर त्याने वाचलं. डाव्या चाकावर उजवा बसला होता, उजव्यावर डावा.

"तुम्ही मांडलंत चुकीचं," साडू म्हणाला.

"तुम्ही उचललंत चुकीचं. डावं चाक समोर होतं, त्याच्यासमोरचा नग सोडून पलीकडचा कशाला उचललात?"

"तुम्हीच डावीकडे ठेवला होतात म्हणून."

मेहुणी ओट्यावर कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "दोघांनीही अक्कल पाजळली म्हणून घोळ झाला. एकानेच पाजळली असती तर बरोबर बसलं असतं." दोघंही मुकाट कामाला लागले. पकड नळीच्या बाजूला आली, प्लॅस्टिकची पट्टी कापून टाकली, तिरकी दांडी सरळ झाली. गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी गेली आणि काहीही वाजलं नाही. साडूने परत मागे घ्यायला लावली. पुन्हा काही नाही. "बघा," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, चार नट आणि दोन बोल्ट."

त्या संध्याकाळी चष्मेवाल्याने फोन केला तेव्हा त्याच्याकडे सांगायला एकच वाक्य होतं. "आवाज गेला. शनिवारी न्यायला येतो."

"बरं झालं गेला तो," ती म्हणाली. पुढचं ती काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. गप्प राहणं म्हणजे हो, असा अर्थ त्याने लावला, आणि तसा तो लावायला त्याला आवडलं.

शनिवार येईपर्यंत त्याने घर घासूनपुसून काढलं. पलंगावर नवी चादर घातली. गाडीच्या मागच्या सीटवर उशा रचल्या, वाटेत आडवं व्हावंसं वाटलं तर असू दे म्हणून. पहाटे निघाला आणि दुपार कलताना लेकीच्या इमारतीखाली पोचला. अख्ख्या रस्त्यात गाडीने तोंडातून शब्द काढला नव्हता.

लेकीने दार उघडलं, नात पायांना बिलगली, पाणी आलं, चहा आला. बायको आतून आली. ती बारीक झाली होती की नव्हती ते त्याला ठरवता येईना. ती ताठ चालत होती, एवढं त्याने पाहिलं. आणि मग त्याची नजर फिरली तशी दुसरी गोष्ट दिसली. दाराशी बॅग नव्हती. आतल्या खोलीत पलंगावर नव्हती. कुठेच बांधलेलं सामान नव्हतं.

"चला," ती म्हणाली, "आधी एक फेरी मारू. बघू तरी तुमची गाडी."

मागच्या सीटवरच्या उशा तिने पाहिल्या, पण दार पुढचं उघडलं आणि त्याच्या शेजारी बसली. इमारतीला वळसा घालणारा छोटा रस्ता होता, त्यावर दोन गतिरोधक. पहिल्यावरून गाडी गेली. तिने मान कलती करून ऐकलं. दुसऱ्यावरून गेली. "छान," ती म्हणाली. "काही नाही वाजत." चष्मेवाल्याचा जीव सुपाएवढा झाला. फाटकाशी येऊन त्याने गाडी थांबवली.

"मग बॅग भरायला मदत करू का?" तो म्हणाला. "दुकानाला सोमवारपर्यंत कुलूप आहे, घाई नाही. उद्या निघू."

ती समोरच्या काचेकडे बघत होती. "मी येत नाहीये," ती म्हणाली.

"पाठ अजून—"

"पाठ बरी आहे. पाठ केव्हाच बरी झाली. अहो, माझी पाठ गाडीने नव्हती गेली. मशीनने गेली. इतकी वर्षं वाकून वाकून गेली. इथे आले, त्या स्टुलावरून उठले, आणि आपोआप बरी झाली. हे तुम्हाला सांगायला जड जात होतं, म्हणून गाडीवर ढकललं. तुम्ही गाडीच दुरुस्त करून आणाल असं मला कुठे माहीत होतं?"

चष्मेवाल्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, ते तसेच राहिले. "मशीनवर बसू नकोस ना मग. तुला कोण बस म्हणतंय?"

"आज नाही म्हणणार. आठ दिवस नाही म्हणणार. नवव्या दिवशी म्हणाल, अगं, एवढी एकच काच, कारखान्याने पार घालवलीय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "रोज फोनवर काय सांगायचात? काच ढिली आली. गिऱ्हाईक ओरडलं. तू असतीस तर. ते ऐकताना मी काय समजायचं? तुम्हाला मी हवी आहे की मशीनवर बसायला कुणीतरी?"

हे ऐकून तो खरोखर चकित झाला. त्याच्या मनात असं काही नव्हतंच. ती काचांची, गिऱ्हाइकांची रडगाणी तो गात होता ती काचांसाठी नव्हती. दुसरं काही बोलताच येत नव्हतं, म्हणून तो काचांबद्दल बोलत होता. आणि पलीकडे ती ते जसंच्या तसं ऐकत होती. आता त्याला घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं, पण कळून बोलता येतंच असं नाही.

"मला करमत नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली.

"तुझ्याशिवाय करमत नाही. जेवताना रेडिओ लावतो, मग त्याचीच कटकट होते म्हणून बंद करतो. पलंगावर तुझ्या बाजूला वर्तमानपत्रं ठेवतो, रिकामी दिसू नये म्हणून. गाडीत तुझ्या सपाता सापडल्या, त्या दाराशी ठेवल्यात. दुकानाचं मला काही पडलेलं नाही. काचा टवके उडालेल्या येवोत नाहीतर फुटून येवोत." त्याचा आवाज फाटला, तो त्याने सावरला नाही. "मशीन विकून टाकतो. सोमवारीच विकतो."

तिचे डोळे भरले होते आणि ते तिने पुसले नाहीत. "हे फोनवर का नाही सांगितलंत कधी?"

"फोनवर आपलं आवाजाचं चाललं होतं ना."

ती हसली. रडता रडताच हसली, आणि पदराने नाक पुसलं. "मशीन विकू नका," ती म्हणाली. "तुम्ही शिका."

"या वयात?"

"तुमच्या हातात काच द्यायची म्हणजे आधी तिला डावं-उजवं शिकवायला हवं." मग तिचा सूर बदलला. "पण मी आज यायची नाही. लेकीच्या हाताखाली सध्या कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही इथे बरं वाटतंय. संध्याकाळी खाली बाकावर बायका जमतात, मी गप्पा मारत बसते, पाठ टेकून. इतकी वर्षं मी दुपार बघितलीच नव्हती. मलाही तुमची आठवण येते. रोज येते. पण तेवढ्यासाठी परत त्या घरात आले तर दुकानातही येईन, मला ठाऊक आहे मी कशी आहे ते."

"मग मी काय करू?"

"उद्या जाऊ नका. सोमवारीही नका जाऊ. मग बघू."

"आणि मग?"

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. खोटा दिलासा द्यायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि आज तो असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटून गेलं.

वरच्या गॅलरीतून लेक हाक मारत होती. नात तिच्या कडेवरून दोन्ही हात हलवत होती आणि आजीला बोलावत होती. बायकोने काच खाली करून वर हात केला, येते म्हणून. मग तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. चष्मेवाल्याने मान दुसरीकडे वळवली, ती उतरताना बघायला लागू नये म्हणून. दार उघडल्याचा आवाज आला नाही. जरा वेळाने त्याने वळून पाहिलं. तिने कडीवरचा हात काढून मांडीवर घेतला होता.

"अजून एक फेरी मारा," ती म्हणाली.

त्याने गाडी सुरू केली आणि अगदी सावकाश, पहिल्याच गिअरमध्ये, वळणाकडे नेली.